काळी माती दोनदा बघा: खान्देशात घर बांधण्याआधीची तयारी

प्लॉट पसंत पडला तरी इसार देण्याआधी एकदा वैशाखात, भर दुपारी तिथे जाऊन या. सोबत पऱ्हाटीची एक लांब काडी न्या. सगळ्यात मोठ्या भेगेत ती सोडा आणि किती आत जाते ते बघा. हातभर गेली तर जमीन अस्सल काळी आहे: कपाशीला उत्तम, भिंतीला अवघड. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि हे दरवर्षी होतं, वर घर असो वा नसो. म्हणून ती कोरडी आणि ओली अशी दोनदा बघायची. आम्ही एकदाच पाहिली होती.

कोरडी असतानाच कोपऱ्यात खड्डा घेऊन मुरूम किती फुटांवर लागतो ते मोजा. शेजाऱ्याच्या खड्ड्यावर विसंबू नका. साक्रीकडच्या हलक्या जमिनीत मुरूम लवकर हाती येतो. तापीकाठच्या गाळात कितीही खोल गेलं तरी मातीच निघते. यावल-रावेरला सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोटे लागतात. खड्ड्यातली माती प्रयोगशाळेत द्या आणि फुगवण तपासून घ्या. चाचणी साधी आहे: चाळलेली कोरडी माती दहा-दहा ग्रॅम दोन नळ्यांत घालतात, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल, आणि 24 तास ठेवतात. रॉकेलात माती फुगत नाही. पाण्यातली माती त्याहून 50 टक्क्यांपेक्षा जास्त फुगली, तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय पाया आखू नका.

मुरूम आवाक्यात असेल तर पाया त्यावरच टेकवा, दोन फुटांचा खर्च वाचवायला मध्येच थांबू नका. आमचा पाया मुरमापर्यंत पोहोचण्याआधीच थांबला होता. खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्या-पायऱ्यांनी गेलेल्या फटीत मे महिन्यात पाच रुपयांचं नाणं सहज बसतं आणि श्रावणात तीच फट जवळपास मिटते. कितीदा लांबी (पुट्टी) भरली, दरवर्षी तेच. मुरूम फार खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे खाली फुगीर कंद असलेले जमिनीतले काँक्रीटचे खांब, घेतात. त्यांच्यावरची तुळई आणि माती यांच्यामध्ये पोकळी ठेवली आहे ना, ते ओतकामाच्या दिवशी स्वतः उभं राहून बघा. पायातून निघालेली काळी माती जोत्यात परत भरू देऊ नका. गवंडी भरतात, कारण ती समोर पडलेली असते. जोत्यात मुरूमच हवा, थराथराने पाणी मारून ठोकलेला. आपल्या जुन्या माणसांनी शेत काळीत ठेवलं आणि गाव पांढरीवर वसवलं, ते उगाच नाही.

आता शोषखड्डा, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवायचा खड्डा, कारण आम्ही सगळ्यात जास्त फसलो ते इथे. उन्हाळ्यात खड्डा खणला, टँकरचं पाणी सोडलं, तासाभरात गडप. सगळे खूश. ते पाणी मातीने शोषलंच नव्हतं, ते भेगांतून गेलं होतं. ऑगस्टमध्ये माती फुगली, भेगा मिटल्या आणि सेप्टिक टँकचं पाणी मागे फिरून न्हाणीत आलं. म्हणून ही चाचणी पावसाळ्यातच करा. शोषखड्डा जितका खोल घ्यायचा तितक्या खोलीवर छोटा खड्डा घ्या, रात्रभर पाण्याने भिजू द्या, सकाळी पुन्हा भरा आणि पट्टी लावून बसा. 25 मिलिमीटर पाणी उतरायला तासाहून जास्त लागला, तर तिथे शोषखड्डा चालणार नाही. मग ड्रेनेज लाइन कुठवर आली आहे ते बघा, किंवा सांडपाणी कर्दळीच्या आणि केळीच्या वाफ्यात नेण्याची आखणी आधीच करा. सातपुड्याच्या पायथ्याला उलटी अडचण: दगडगोट्यांतून पाणी झटकन खाली जातं आणि शेजारच्या विहिरीला लागतं. पिण्याच्या विहिरीपासून शोषखड्डा किमान 18 मीटर लांब हवा. आपल्या आणि शेजाऱ्याच्याही.

बागेची तयारी मात्र खोदकामाआधीच होते. वरची फूटभर माती वेगळी काढून कुंपणाला ढीग करून ठेवा. खालची चुनखडीची पांढरट माती वर पसरली तर लिंबाची कोवळी पानं पिवळी पडतात, फक्त शिरा हिरव्या राहतात. वाफे उंच करा, शेणखत भरपूर घाला, वाफसा आल्याशिवाय, म्हणजे ओल बेताची झाल्याशिवाय, कुदळ लावू नका, नाहीतर ढेकळं विटेसारखी होतात. भरताची वांगी याच मातीत पोसतात, तेव्हा भाजीची काळजी नको. कडुनिंब, निलगिरी मात्र भिंतीला लागून लावू नका, त्यांची मुळं पायाखालचा ओलावा ओढतात.

बांधकाम दिवाळीनंतर काढा. जोतं, भोवतीचा काँक्रीटचा पट्टा आणि पन्हळीचं पाणी लांब नेणारा पाइप मृगाआधी पुरा व्हायला हवा. मुरमाच्या खेपाही तेवढ्यातच टाकून घ्या. एक चांगला पाऊस झाला की काळ्या वाटेवर भरलेला ट्रॅक्टर रुततो, आणि मग दसऱ्यापर्यंत आत काहीच येत नाही.