रोजच्या वाचनांवर मनन करताय? या चुका टाळा

सकाळी फोन हातात घेतला की मिस्सासाठी (चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या उपासनेसाठी) ठरलेली बायबलमधली आजची वाचनं समोर येतात. पहिलं वाचन, प्रतिसाद स्तोत्र, शुभवर्तमान म्हणजे येशूच्या चरित्रातला उतारा, आणि खाली कुणीतरी लिहिलेलं चिंतनही. साधनांची एवढी सोय असताना नागपुरातली कितीतरी कॅथोलिक मंडळी आगमनकाळात, म्हणजे नाताळआधीच्या साधारण चार आठवड्यांत, उत्साहाने रोजचं मनन सुरू करतात आणि संक्रांत येईपर्यंत ते बंद पडलेलं असतं. कारण विचारलं तर उत्तरं साधारण सारखीच असतात. काही सुचत नाही. रोज तेच तेच वाटतं. पहिल्या वाचनाचा आणि शुभवर्तमानाचा काही मेळच लागत नाही.

यात श्रद्धा कमी पडली असं मला अजिबात वाटत नाही. उतारा त्याच्या जागेवरून उचलून सुटा वाचला की असं होतं. काळ कोणता, काल काय वाचलं, उद्या काय येणार, हे ठाऊक नसेल तर देवाचं वचनसुद्धा भिंतीवरच्या सुविचारासारखं होऊन बसतं. खालच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

बादरायण संबंध जोडणं

सर्वांत जास्त माणसं इथे अडकतात. समज असा असतो की दिवसाची दोन्ही वाचनं एकाच विषयावर असणार आणि तो विषय शोधून काढणं म्हणजेच मनन. रविवारी हे बऱ्याच अंशी खरं आहे. सामान्य काळातल्या (मोठ्या सणांच्या काळांबाहेरच्या आठवड्यांतल्या) रविवारी जुन्या करारातलं पहिलं वाचन शुभवर्तमान पाहूनच निवडलेलं असतं. दुसरं वाचन मात्र आपल्या वाटेने चालतं. पौलाचं एखादं पत्र आठवड्यामागून आठवडे पुढे सरकत राहतं.

सामान्य काळातल्या सोमवार ते शनिवारची गोष्ट वेगळी आहे. तिथे दोन स्वतंत्र धागे चालू असतात. शुभवर्तमान दरवर्षी तेच असतं: पहिले नऊ आठवडे मार्क, दहाव्यापासून एकविसाव्यापर्यंत मत्तय आणि नंतर चौतिसाव्यापर्यंत लूक. पहिलं वाचन दोन वर्षांच्या चक्राने बदलतं, विषम वर्षी एक आणि सम वर्षी दुसरं.

१२ जानेवारी २०२६ चा सोमवार घ्या. सामान्य काळाच्या पहिल्या आठवड्याची ती सुरुवात. पहिल्या वाचनात १ शमुवेलमधली हन्ना आहे. मूल नाही म्हणून सवत टोचून बोलते, हन्ना रडते, जेवत नाही, आणि नवरा एलकाना विचारतो की मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का? शुभवर्तमानात मार्कचा पहिला अध्याय आहे. येशू गालील सरोवराच्या काठाने चालला आहे, शिमोन आणि अंद्रिया जाळी टाकून त्याच्या मागे निघतात. आता हन्नाच्या अश्रूंचा आणि त्या जाळ्यांचा संबंध जोडायला बसलं की डोकं शिणतं आणि हाती येतं ते ओढूनताणून आणलेलं. आदल्या वर्षी, २०२५ मध्ये, याच कोळ्यांच्या शेजारी इब्री लोकांस पत्राची सुरुवात होती. म्हणजे जोडी मुळात विचार करून लावलेली नव्हतीच.

अशा दिवशी सरळ एक धागा धरावा. हन्नाला धरलं तर दुसऱ्या दिवशी मंगळवारी ती मंदिरात ओठ हलवत प्रार्थना करताना भेटते, तिथला याजक एली तिला नशेत समजतो, आणि त्या वाचनाच्या शेवटी शमुवेल जन्माला आलेला असतो. बुधवारी तो मुलगा रात्रीच्या अंधारात देवाची हाक ऐकतो. तीन दिवस एका बाईच्या दुःखाबरोबर चालायला मिळतं. एकट्या सोमवारी हे मिळणं शक्य नव्हतं, कारण सोमवारचं वाचन तिच्या रडण्यावर आणि एलकानाच्या प्रश्नावरच थांबतं. उत्तर नसलेल्या दिवशी उत्तर नसू द्यावं. घाईने त्याला गोड शेवट जोडू नये.

याच गोष्टीत एक तुकडा गाळल्यासारखा वाटतो: हन्ना लहानग्या शमुवेलला मंदिरात आणून देवाच्या स्वाधीन करते तो. तो गाळलेला नाही. तीन आठवडे आधी, २२ डिसेंबरला तो वाचून झालेला असतो. त्या दिवशी हन्नाचं गीत स्तोत्राच्या जागी येतं आणि शुभवर्तमानात मरिया आपलं गीत गाते. दोन आयांची दोन गीतं शेजारी ठेवलेली आहेत, आणि इथे मात्र जोडी मुद्दाम लावलेली आहे.

आगमनकाळ आणि प्रायश्चित्तकाळ (ईस्टर म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाआधीचे चाळीस दिवस) यांत मेळ शोधायलाच हवा. आगमनाच्या पहिल्या आठवड्यातला बुधवार पाहा. यशयाच्या २५व्या अध्यायात डोंगरावर सर्व राष्ट्रांसाठी मेजवानी मांडली आहे आणि देव प्रत्येक चेहऱ्यावरचे अश्रू पुसतो आहे. स्तोत्र २३वं, त्यातही मेजवानी मांडलेली. मत्तयाच्या १५व्या अध्यायात येशू डोंगरावर बसलेला, लंगडे-आंधळे बरे होत आहेत, आणि सात भाकरी व थोड्या मासळीवर सगळा जमाव पोटभर जेवतो. यशयाने सांगितलेला डोंगर मत्तयात डोळ्यांसमोर उभा राहतो. हे ज्याने एकदा पाहिलं त्याला आगमनकाळ म्हणजे नाताळची खरेदी असं पुन्हा वाटणार नाही.

फोनवर एक, चर्चमध्ये दुसरंच

वर सांगितलेला तो बुधवार २०२५ मध्ये ३ डिसेंबरला आला. फोनवर यशया वाचून मिस्साला गेलेल्यांनी तिथे वेगळीच वाचनं ऐकली, कारण ३ डिसेंबर हा संत फ्रान्सिस झेवियरचा दिवस. भारतात तो मोठ्या मानाने पाळला जातो आणि त्याची वाचनं स्वतंत्र आहेत. ३ जुलैला प्रेषित संत थॉमसच्या बाबतीतही फरक दिसू शकतो. परदेशी ॲप त्याच्या देशाचं पंचांग दाखवतं, एवढंच. ॲपच्या सेटिंगमध्ये देश बदलता येत असेल तर भारत निवडावा, नाहीतर धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मिळणारं उपासनापंचांग घरात टांगावं.

रविवारच्या वाचनांचं चक्र अ, ब, क असं तीन वर्षांचं असतं. त्यातलं वर्ष कोणतं चालू आहे हे ओळखणं सोपं आहे. ज्या सालाला तीनने पूर्ण भाग जातो ते क वर्ष, लूकचं. २०२५ क होतं, २०२६ अ म्हणजे मत्तयाचं, २०२७ ब म्हणजे मार्कचं. फक्त नवं वर्ष जानेवारीत नव्हे, आगमनाच्या पहिल्या रविवारी सुरू होतं.

मधली पानं न उघडणं

सामान्य काळ राखेच्या बुधवारी, म्हणजे प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या दिवशी, तुटतो आणि पेन्टेकॉस्टनंतर (पुनरुत्थानकाळ संपवणाऱ्या सणानंतर) पुन्हा जोडला जातो. हा सांधा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. २०२६ मध्ये १७ फेब्रुवारीला मार्कचं वाचन ८व्या अध्यायात, शिष्यांजवळ होडीत एकच भाकर आहे तिथे थांबलं. दुसऱ्या दिवशी राख. पुढे पेन्टेकॉस्ट २४ मे रोजी. त्यानंतरचा सोमवार ख्रिस्तसभेची माता मरिया हिच्या स्मरणाचा, त्याचं शुभवर्तमान योहानातलं. मंगळवारी मार्क परत आला तो एकदम १०व्या अध्यायाच्या २८व्या ओवीपासून. पेत्र म्हणतो, आम्ही सगळं सोडून तुझ्यामागे आलो.

हे वाक्य सुटं वाचलं की पेत्र फुशारकी मारतोय असं वाटतं. प्रत्यक्षात तो एका माणसाला नुकताच खिन्न होऊन परत जाताना पाहतो आहे. तो श्रीमंत माणूस, ज्याला येशूने प्रेमाने पाहिलं आणि सर्व विकायला सांगितलं, तो मधल्या पानांत राहून गेला. पेत्राच्या बोलण्यात धास्ती आहे: मग आमचं काय? ही धास्ती ऐकू आली तर त्या दिवशीचं मनन साफ बदलतं. त्या वर्षी मार्क ८:२२ ते १०:२७ घरी वाचायला अर्धा तास पुरला असता. पेत्राची कबुली आणि डोंगरावरचं रूपांतर, दोन्ही त्याच पानांत आहेत. दर वर्षी ही फट वेगळ्या ठिकाणी पडते. ती कुठे आहे हे पाहून तेवढी पानं वाचायची सवय लावावी.

चिंतन आधी, वचन नंतर

सकाळी सहा वाजता ग्रुपवर चिंतन येतं, ते वाचलं जातं, आवडलं तर पुढे पाठवलं जातं, आणि मूळ उतारा उघडलाच जात नाही. लिहिणारा कितीही विद्वान असो, त्याचं मनन त्याच्या आयुष्यातून आलेलं असतं. बाराव्या शतकातल्या गिगो दुसरा या कार्थुसियन मठवासीयाने प्रार्थनामय वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना, आणि देवाच्या सान्निध्यात स्तब्ध राहणं. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २०१० मध्ये याच वाटेची शिफारस करताना कृतीचीही आठवण करून दिली. आपण पहिली पायरी दुसऱ्यावर सोपवतो आणि तिसरी-चौथी विसरतो.

उतारा आधी मोठ्याने, मराठीत, दोनदा वाचा. आपल्या शहरात मिस्सा कधी इंग्रजीत तर कधी हिंदीत ऐकावी लागते, पण दुःख झालं की आपण मराठीतच रडतो, मग मननही मराठीतच व्हावं. दुसऱ्याचं चिंतन संध्याकाळी वाचा. तेव्हा त्याचा खरा उपयोग होतो.

आणि वचनाकडून रोज आपल्याच अडचणीचं उत्तर मागू नका. मुलीचं लग्न ठरेल का, बदली होईल का, हे विचारत पान उघडणं म्हणजे शकुन पाहणं. वचन आपल्याला जिथे न्यायचं तिथे नेतं. कधी ते आपल्या अडचणीजवळूनही जाणार नाही.

स्तोत्र गाळणं

पहिल्या वाचनाला आपण द्यायचं उत्तर म्हणजे स्तोत्र. ते गाळलं की देव बोलतो आणि आपण गप्प बसतो. मनन जमत नाही म्हणणाऱ्यांना मी पहिल्यांदा स्तोत्राचं ध्रुवपद पाठ करायला सांगते. एक ओळ, दिवसभरासाठी. सीताबर्डीला बसची वाट पाहताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना ती ओठांवर येऊ द्यायची.

नागपुरातल्या सदर भागातलं आपलं कॅथेड्रल ज्यांच्या नावाचं आहे त्या संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी हेच शिकवलं. १६०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भक्तिमार्गाच्या ग्रंथात ते म्हणतात की बागेत फिरून आलेला माणूस चार-पाच फुलं हातात घेऊनच निघतो आणि दिवसभर त्यांचा वास घेतो. मननातूनही तशीच एखाद-दुसरी गोष्ट बरोबर न्यावी. हा ग्रंथ त्यांनी मठातल्या लोकांसाठी नव्हे, घरसंसार आणि नोकरीधंद्यात असलेल्यांसाठी लिहिला. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ नसलेल्या माणसाला यापेक्षा चांगला गुरू मला माहीत नाही.

स्तोत्राच्या क्रमांकात एकाचा फरक दिसला तर गोंधळू नका. ग्रीक-लॅटिन परंपरेत ९वं आणि १०वं स्तोत्र एकच धरतात, म्हणून पुढचे बहुतेक क्रमांक एकाने मागे राहतात. २३वं कुठे कुठे २२वं म्हणून छापलेलं असतं.

प्रायश्चित्तकाळात फक्त स्वतःकडे पाहणं, पुनरुत्थानकाळात पाहणंच बंद करणं

राखेच्या बुधवारपासून आपली वही पापांच्या यादीने भरते: मटण सोडलं, चहा सोडला, रागावले, पुन्हा रागावले. आत्मपरीक्षण हवंच, पण या काळाचं दुसरं अंग त्यात बुडून जातं. अ वर्षी तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी विहिरीवरची शोमरोनी स्त्री, दृष्टी मिळालेला जन्मांध आणि मरणातून उठवलेला लाजर येतात. पाणी, उजेड, जीवन. पुनरुत्थानाच्या जागरविधीत बाप्तिस्मा घेणाऱ्यांच्या तयारीसाठी ही शुभवर्तमानं फार जुन्या काळापासून ठेवलेली आहेत. या रविवारी वहीत आपल्या पापांऐवजी आपल्या बाप्तिस्म्याबद्दल लिहून पाहा.

चौथ्या आठवड्यापासून योहानाचं शुभवर्तमान रोज येऊ लागतं आणि त्यात येशूच्या विरोधकांना वारंवार ‘यहुदी’ म्हटलेलं आहे. त्यावरून एका अख्ख्या समाजाला दोष देणारं मनन कधीही करू नये. येशूच्या दुःखसहनाचा दोष तेव्हाच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर ठेवता येत नाही, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्येच स्पष्ट केलं आहे.

मग येतो पुनरुत्थानाचा रविवार, आणि सोमवारपासून वही बंद. चाळीस दिवस कष्टाने चाललेली माणसं पन्नास दिवसांचा आनंद सोडून देतात याचं मला फार वाईट वाटतं. त्यात आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे उन्हाचा कहर. शाळांना सुट्ट्या, कुणी गावी गेलेलं, दुपारी कूलरसमोरून उठवत नाही. पण याच दिवसांत जुना करार बाजूला ठेवून रोज प्रेषितांची कृत्ये वाचली जातात, जवळजवळ पूर्ण पुस्तक. तुरुंग, भांडणं, समुद्रप्रवास, घराघरांत भाकर मोडणारी छोटी मंडळी. अल्पसंख्य म्हणून जगणाऱ्या आपल्यासारख्यांना हे पुस्तक फार जवळचं वाटावं असं आहे. पहाटे, ऊन चढायच्या आधी, दहा मिनिटं त्याला द्या.

घरच्या बायबलमध्ये पुस्तकच सापडत नाही

वाचन बेन सिराचं किंवा मक्काबींचं, आणि घरातल्या मराठी बायबलमध्ये ते पुस्तकच नाही, हा अनुभव नागपुरात बऱ्याच घरांत येतो. आपल्याकडे कॅथोलिक आणि प्रोटेस्टंट कुटुंबं शेजारी नांदतात, सोयरीकही होते, आणि घरातली प्रत बहुधा ६६ पुस्तकांची असते. कॅथोलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं आहेत. तोबीत, यहुदीथ, मक्काबींची दोन, ज्ञानग्रंथ, बेन सिरा आणि बारूख ही सात जास्तीची. सामान्य काळात ती मुख्यतः विषम वर्षी येतात, त्यामुळे २०२७ च्या आधी कॅथोलिक आवृत्ती घरात आणून ठेवा.

राहिला प्रश्न बुडालेल्या दिवसांचा. आठवडाभर वाचन झालं नाही तर मागची सगळी वाचनं एका रात्रीत उरकू नका. आजचं वाचा आणि पहिल्या वाचनाच्या पुस्तकात मधे काय घडलं तेवढं चाळून घ्या. ज्यांना नव्याने सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी आगमनाचा पहिला रविवार २९ नोव्हेंबर २०२६ ला आहे, शुभवर्तमान मार्क १३:३३-३७. शनिवारी संध्याकाळी ते एकदा वाचून ठेवा.