‘टेक’ म्हणजे दरवेळी ‘घेणे’ नव्हे : या चुका टाळा

परदेशातल्या साहेबाला रजेचा मेल लिहिताना आपण बिनधास्त लिहून टाकतो, ‘आय हॅव टू गिव्ह अ‍ॅन एक्झाम ऑन मंडे.’ तिकडून विचारणा येते, ‘अरे वा, तुम्ही शिकवताही का?’

घोळ असा, की मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक घेतात, तर इंग्रजीत विद्यार्थी ‘टेक’ करतो आणि शिक्षक ‘गिव्ह’. म्हणून ‘आय अ‍ॅम टेकिंग अ‍ॅन एक्झाम’. ब्रिटनमध्ये ‘सिटिंग अ‍ॅन एक्झाम’ही म्हणतात. भारतात ‘गिव्हिंग एक्झाम’ कुणालाही कळतं, कारण हिंदीतही परीक्षा देतातच. लंडनच्या माणसाला मात्र तुम्ही परीक्षक वाटता.

शिकवणीचंही तसंच. ‘आय टेक मॅथ्स क्लासेस’ म्हणजे आपल्याकडे ‘मी गणिताचे तास घेतो’. अमेरिकेत त्याचा अर्थ ‘मी गणिताच्या तासाला विद्यार्थी म्हणून बसतो’. बायोडेटात हे वाक्य घालून बारा वर्षं शिकवलेला माणूस स्वतःलाच पहिल्या बाकावर नेऊन बसवतो. ‘आय टीच मॅथ्स’ लिहा, विषय संपला. मुलाखतीचंही लक्षात ठेवा : ‘ही टुक माय इंटरव्ह्यू’ नको, ‘ही इंटरव्ह्यूड मी’.

शाळेत आपण ‘टेक, टुक, टेकन – घेणे’ असं घोकलं, तिथेच पाय अडकला. दोन्ही क्रियापदं भरपूर कामं करतात, पण दोघांची कामं वेगळी आहेत.

विकत घेतलं की उचललं?

‘आय टुक धिस शर्ट फ्रॉम द मॉल.’ मराठीत ‘शर्ट घेतला’ म्हटलं की पैसे मोजले हे न सांगता कळतं. ‘टुक’मध्ये पैशांचा पत्ताच नाही, ऐकणाऱ्याला वाटेल शर्ट गुपचूप पिशवीत गेला. इथे ‘बॉट’ हवं. ‘वी टुक अ फ्लॅट इन ठाणे’ हे तर आणखी गमतीचं. ब्रिटिश कानाला ते भाड्याने घेतल्यासारखं ऐकू येतं आणि तुमच्या वीस वर्षांच्या हप्त्यांवर पाणी पडतं.

शाळेच्या सूचनेतलं ‘टेक पेरेंट्स सिग्नेचर’ही असंच. सही घ्यायची तर ‘गेट’.

नाव घेणे

‘डोन्ट टेक माय नेम’ म्हणजे आपल्या मनात ‘माझं नाव मध्ये आणू नकोस’. इंग्रजीत ‘मेन्शन’ म्हणा, किंवा ‘लीव्ह मी आउट ऑफ इट’. लग्नाच्या गप्पा असतील तर जास्तच जपा. आपल्याकडे नवी नवरी उखाण्यात नाव घेते. ‘शी टुक हर हजबंड्स नेम’ असं तुम्ही कौतुकाने सांगितलंत, तर समोरचा समजेल की तिने आडनाव बदललं. तिने बदललेलं नसलं तर तुम्हीच अडचणीत.

चहा, साखर, गोळी

पाहुण्याला ‘टेक टी’ म्हणू नये, ‘हॅव सम टी’ म्हणावं. पण ‘डू यू टेक शुगर?’ अगदी बरोबर आहे, चहात साखर घालू का हे ब्रिटनमध्ये असंच विचारतात. औषधाला मात्र नेहमी ‘टेक’. आणि ‘डोन्ट टेक टेन्शन’ हे आपलं घरचं लाडकं वाक्य बाहेर नेताना ‘डोन्ट वरी’ करून न्या.

निर्णयाच्या बाबतीत उलट तक्रार आहे. ‘टेक अ डिसीजन’ चूक, ‘मेक’च बरोबर, असं ठासून सांगणारे सर अनेकांना भेटले असतील. अमेरिकेत ‘मेक’ म्हणतात हे खरं, पण ‘टेक’ ब्रिटिश इंग्रजीत चालतं. तिथे वहीवर लाल शाई उधळायचं कारण नाही.

जिथे ‘टेक’ हवा तिथे नसतो

‘घेणे’ दिसलं नाही की आपल्याला ‘टेक’ आठवतच नाही. आपण फोटो काढतो, रिक्षा करतो, रजा टाकतो, ताप बघतो. इंग्रजीत या चारही ठिकाणी ‘टेक’. ‘आय पुट लीव्ह’ हे तर शब्दशः ‘रजा टाकली’, ते सोडाच.

वेळ लागण्याचं वाक्यही इथेच येतं. ‘मला तास लागला’ यातल्या ‘मला’साठी आपण ‘टू मी’ घुसडतो : ‘इट टुक टू मी अ‍ॅन आवर.’ मधला ‘टू’ काढा. ‘इट टुक मी अ‍ॅन आवर.’

‘टेक’ की ‘ब्रिंग’ या प्रश्नाचं उत्तर मराठीतच आहे. ‘घेऊन जा’ असेल तर ‘टेक’, ‘घेऊन ये’ असेल तर ‘ब्रिंग’. ‘तुमच्याकडे येताना केक घेऊन येते’ याला इंग्रजीतही ‘ब्रिंग’च.

शेपटं लागली की

‘टेक’च्या मागे ‘ऑफ’, ‘इन’, ‘आफ्टर’ लागलं की लोक घाबरतात. मला वाटतं, इथेच मराठी माणसाला सगळ्यात सोपं जावं. ‘ही टेक्स आफ्टर हिज फादर’ म्हणजे पोरगा बापावर गेलाय. शिंप्याकडे ब्लाऊज आत घ्यायला देतो, तो ‘टेक इन’. मनाला लावून घेणं म्हणजे ‘टेक टू हार्ट’. मात्र ‘आय वॉज टेकन इन’ म्हणजे मला आत घेतलं असंच असेल असं नाही, बहुतेक वेळा मी फसलो. आणि ‘टेक ऑफ’ विमानाचं असतं तसंच दारात काढायच्या चपलांचंही.

जाता जाता : हा शब्द मुळात इंग्रजांचा नव्हेच. इंग्लंडवर चालून आलेल्या आणि तिथेच वसलेल्या उत्तरेकडच्या दर्यावर्दींच्या भाषेतला ‘टाका’ तिथे रुजला आणि त्याने त्याच अर्थाचा जुना इंग्रजी शब्द ‘निमन’ हळूहळू हुसकून लावला. त्या ‘निमन’चा एक तुकडा बधिर या अर्थाच्या ‘नम्ब’मध्ये अजून उरलाय, म्हणजे संवेदनाच काढून घेतलेला.

एक प्रश्न प्रवासात हमखास येतो : ‘इज धिस सीट टेकन?’ आपण अगत्याने म्हणतो, ‘येस, येस!’ आणि विचारणारा बिचारा पुढे निघून जातो. त्याने विचारलं होतं, इथे कुणी बसलंय का. ‘नो’ म्हणा, आणि बाजूची पिशवी मांडीवर घ्या.