बनावट अँटिव्हायरस घरच्या संगणकावरून काढताना

जुळे सोलापुरातील आमच्या घरी संगणकावर अचानक लाल चौकट उघडून भोंगा वाजू लागला आणि ‘४७ व्हायरस सापडले, त्वरित फोन करा’ असा मजकूर झळकला, तेव्हा आईने घाबरून फोन उचललाच होता. ही चौकट बनावट अँटिव्हायरसची असते; असा फोन कधीही करू नये.

प्रथम इंटरनेट तोडावे आणि चौकटीतील कोणतेही बटण, अगदी फुलीसुद्धा, न दाबता कंट्रोल, शिफ्ट व एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून (चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणारी खिडकी) ब्राउझर बंद करावा. अनेकदा या चौकटीचे मूळ असते ते एखाद्या संकेतस्थळाला नकळत दिलेल्या नोटिफिकेशनच्या (सूचना दाखवण्याच्या) परवानगीत. ती ब्राउझरच्या सेटिंगमधून काढावी. मग ॲप्सची यादी तारखेनुसार लावून अनोळखी प्रोग्रॅम अनइन्स्टॉल करावा व विंडोजमध्येच असलेल्या विंडोज सिक्युरिटीतून ऑफलाइन स्कॅन (विंडोज सुरू होण्याआधी होणारी तपासणी) चालवावा. पैसे गेले असल्यास क्षणाचाही विलंब न लावता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.