मरिनर्सचा अख्खा सीझन फॉलो कसा करायचा: मार्च ते ऑक्टोबर, रोज

२० ऑक्टोबर २०२५ ची संध्याकाळ. टोरोंटोत अमेरिकन लीगच्या फायनलची सातवी, शेवटची मॅच चालू होती, आमची बेसबॉल टीम सिॲटल मरिनर्स ३-१ ने पुढे, अजून फक्त ८ आउट मिळाले असते की टीम इतिहासात पहिल्यांदा वर्ल्ड सिरीजला, म्हणजे सगळ्यात मोठ्या फायनलला, गेली असती. आणि मग टोरोंटोच्या जॉर्ज स्प्रिंगरने तीन रनांचा होमरन मारला, ४-३ ने संपलं सगळं. नाशिकला तेव्हा दिवाळीतली सकाळ होती, बाबा फोनवरच होते, बराच वेळ दोघंही काही बोललो नाही, मग ते म्हणाले, "अगं, पुढच्या वर्षी पहिली मॅच कधी असते गं?"

मी २०१२ च्या उन्हाळ्यात सिॲटलला आले, तेव्हापासून ही टीम सोडलेली नाही. इथल्या मराठी मित्रमैत्रिणींना बेसबॉल आवडायला लागतो, एप्रिलमध्ये उत्साहाने सुरुवात करतात आणि मे संपेपर्यंत गळून जातात, कारण क्रिकेटच्या सवयीने प्रत्येक मॅच फायनलसारखी बघतात. तसं करून हा सीझन झेपत नाही. मी कशी करते ते खाली लिहिलंय, तुमची टीम वेगळी असेल तर नावं बदला, पद्धत तीच.

१. आधी टीमची गोष्ट माहीत करून घ्या

स्कोअरच्या आधी गोष्ट, कारण गोष्ट माहीत नसेल तर मंगळवारच्या एका साध्या मॅचमध्ये लोक उभे का राहिले हे कळतच नाही. मरिनर्स १९७७ ला सुरू झाली. ३० टीम्समध्ये वर्ल्ड सिरीजला एकदाही न गेलेली ही एकच टीम. १९९५ च्या ऑगस्टमध्ये टीम टेबलमध्ये १३ गेम मागे होती (हे कसं मोजतात ते ७ मध्ये), स्टेडियमच्या पैशांवरून टीम शहर सोडून जाईल अशी परिस्थिती होती, आणि तिथून त्यांनी डिव्हिजन, म्हणजे आपला गट, जिंकली. मग ८ ऑक्टोबरला यांकीजविरुद्ध पाचव्या मॅचमध्ये अकराव्या इनिंगला आमच्या एडगर मार्टिनेझने लेफ्ट फील्डला डबल (दोन बेस मिळवून देणारा फटका) मारला, केन ग्रिफी ज्युनिअर फर्स्ट बेसपासून थेट होम प्लेटपर्यंत (तिथे पोचलं की रन) पळत आला, ६-५. इथे अजूनही लोक नुसतं "द डबल" म्हणतात आणि समोरच्याला कळतं. आज स्टेडियमबाहेरच्या रस्त्याला एडगरचं नाव आहे.

२००१ ला ११६ मॅच जिंकले, तरी वर्ल्ड सिरीज नाही. त्यानंतर २१ वर्षं प्लेऑफ सुद्धा नाही. ३० सप्टेंबर २०२२ ला नवव्या इनिंगमध्ये बदली बॅटर म्हणून आलेल्या कॅल रॅलीने होमरन मारून तो दुष्काळ संपवला, त्या रात्री मी रडले होते. तोच रॅली २०२५ मध्ये ६० होमरन मारून गेला, कॅचर असून! गुडघ्यांवर बसून दीडशे-दीडशे बॉल पकडायचे आणि वर हे.

२. सीझन केवढा आहे ते डोक्यात बसवा

१६२ मॅच. ८१ घरी, ८१ बाहेर. मार्चच्या शेवटी सुरू, सप्टेंबरच्या शेवटी संपतो, जवळजवळ रोज मॅच. २०२५ ला आम्ही डिव्हिजन जिंकलो तेव्हा रेकॉर्ड होतं ९० विजय, ७२ पराभव. म्हणजे चांगल्या वर्षात सुद्धा ७२ रात्री तुमची टीम हरणार. त्यामुळे माझा नियम असा की हरल्याचं सुतक झोपेपर्यंतच, सकाळी नवीन पिचर (म्हणजे बोलर), नवीन मॅच.

तीन-तीन मॅचची सिरीज धरून चाला. तीनपैकी दोन जिंकल्या की आठवडा चांगला. एकेका मॅचवर जीव टाकण्यापेक्षा हे माप खूप बरं पडतं.

३. क्रिकेटवाल्यांसाठी नियम, थोडक्यात

९ इनिंग, प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही टीम्सना ३-३ आउट. ३ स्ट्राइक (हुकलेले किंवा सोडून दिलेले चांगले बॉल) झाले की बॅटर आउट, ४ "बॉल" (पट्ट्याबाहेरचे, न खेळलेले) झाले की फुकटात फर्स्ट बेस. मागे मारलं तर फाउल, फाइन लेगचा चौका विसरा. आणि २०२३ पासून पिचरला घड्याळ लावलंय, बेस रिकामे असतील तर १५ सेकंदांत बॉल टाकायचा, त्यामुळे मॅच आता पूर्वीसारखी रेंगाळत नाही. बाकीचं बघता बघता येतं, खरंच.

४. रोजचा रेडिओ

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. रोज तीन तास टीव्हीसमोर बसणं नोकरी-घर सांभाळून कोणालाच जमत नाही, पण रेडिओ कानाशी ठेवून पोळ्या लाटता येतात, कपड्यांच्या घड्या घालता येतात, गाडी चालवता येते. सिॲटलमध्ये ७१० एएम लावा. भारतात असाल तर लीगच्या (एमएलबी) ॲपवर वर्गणी भरून रेडिओ मिळतो, आणि नुसता बॉल-बाय-बॉल स्कोअर तर फुकट दिसतो.

माझ्या बाबांनी तरुणपणी बाळ ज. पंडितांची मराठी कॉमेंट्री ट्रान्झिस्टरवर ऐकलेली, त्यामुळे न दिसणारी मॅच डोळ्यांसमोर कशी उभी करायची हे मला त्यांना शिकवावं लागलं नाही, उलट मीच त्यांच्याकडून शिकले. इथला तसाच आवाज म्हणजे डेव्ह नीहाउस, १९७७ च्या पहिल्या मॅचपासून २०१० मध्ये जाईपर्यंत. मला तो लाइव्ह कधीच मिळाला नाही, पण १९९५ च्या त्या डबलचं त्याचं रेकॉर्डिंग शोधून ऐका, शेवटी शेवटी त्या माणसाचा आवाज कसा चढत जातो ते ऐका.

रेडिओचा आणखी एक फायदा, महिन्याभरात खेळाडू ओळखीचे होतात. कोणाचं मनगट दुखतंय, कोण ट्रिपल-ए या खालच्या लीगवरून काल वर आलाय, कोणाला दोन आठवडे हिट (बेसपर्यंत पोचवणारा फटका) नाही. आमच्या हुलिओ रॉड्रिगेझचंच बघा, एप्रिल-मे मध्ये शांत असतो आणि उन्हाळा तापला की पेटतो, २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याने ४ मॅचमध्ये १७ हिट मारल्या होत्या, तो रेकॉर्ड आहे. रोज ऐकणाऱ्याला त्याच्या मे महिन्याची काळजी वाटत नाही.

५. वही घाला

एक साधी चौकटीची वही घ्या आणि आठवड्यातून निदान एक मॅच हाताने लिहा. फील्डवरच्या प्रत्येक जागेला नंबर आहे: पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड ४, थर्ड ५, शॉर्टस्टॉप ६, मग लेफ्ट, सेंटर, राइट ७, ८, ९. बॉल शॉर्टस्टॉपकडे गेला, त्याने सेकंडला दिला, तिथून फर्स्टला, दोन आउट, की लिहायचं ६-४-३. स्ट्राइकआउट झाला तर के, आणि बॅटर बॅट न फिरवता बघत उभा राहिला तर उलटा के. सुरुवातीला दोन-तीन इनिंगमध्ये गोंधळ होईल, पेन्सिल वापरा, चुकलं तर खोडा आणि पुढे चला.

फायदा काय तर लिहायला लागलं की लक्ष लागतं. सातव्या इनिंगला पान बघितलं की दिसतं, अरे हा बॅटर दोन्ही वेळा बाहेरच्या बॉलवर आउट झालाय, आता पिचर पुन्हा तिथेच टाकणार. आणि टाकतोच! तो क्षण फार आनंदाचा असतो.

१५ ऑगस्ट २०१२, माझा पहिलाच उन्हाळा, ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याच्या टेबलावर अशी वही उघडी होती आणि बाजूला बारीक आवाजात रेडिओ. आमचा फेलिक्स हर्नांडेझ टँपा बे विरुद्ध पिच करत होता. २७ बॅटर आले, २७ आउट, एकही माणूस फर्स्ट बेसपर्यंत पोचला नाही, १-० ने परफेक्ट गेम. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण आठव्या इनिंगनंतर त्या टेबलाभोवती दहा माणसं गप्प उभी होती आणि कागदावर सगळ्या चौकटी स्वच्छ, एकही रेघ बेसकडे गेलेली नाही. मी त्याच संध्याकाळी वही आणली. आता अकरावी चालू आहे.

६. स्टेडियमला जा, पण शहाणपणाने

एका सीझनला चार-पाच वेळा गेलात तरी भरपूर. शनिवार-रविवार महाग, सोमवार ते बुधवार स्वस्त, आणि तिकीट टीमच्या अधिकृत ॲपवरूनच घ्या. मी एकदा दुसरीकडून स्वस्त मिळालं म्हणून घेतलं, गेटवर कळलं की ते तिकीट आधीच वापरलं गेलंय, सोबत आलेल्या पाहुण्यांना घेऊन परत यावं लागलं.

पहिल्या वेळी वरच्या ३०० नंबरच्या सेक्शनमध्ये बसा, शक्यतो फर्स्ट बेसच्या बाजूला. तिथून अख्खं फील्ड नकाशासारखं दिसतं, फील्डर कोणासाठी कुठे सरकतात ते कळतं, आणि समोर डाउनटाउन दिसतं. संध्याकाळचं ऊन डोळ्यावर येतं म्हणून टोपी हवी, ऊन नको असेल तर थर्ड बेसची बाजू. पलीकडून मालगाड्या जातात, त्यांचा भोंगा मॅचच्या मधेच येतो, मला तो आता या खेळाचाच भाग वाटतो.

छत सरकतं आहे, पाऊस आला की बंद करतात, पण ते छत्रीसारखं आहे, बाजू उघड्याच राहतात. त्यामुळे एप्रिलमध्ये छत बंद असलं तरी थंडी वाजतेच, स्वेटर, कानटोपी, एक पातळ ब्लँकेट न्या. जॅकेट गाडीत ठेवून आलेले लोक पाचव्या इनिंगला उठून जाताना दरवेळी दिसतात. गाडीपेक्षा लाइट रेलने स्टेडियम स्टेशनला उतरा, पार्किंगचे पैसे वाचतात.

खायला बाहेरचं नेता येतं, हे अनेकांना माहीतच नाही! फक्त निघायच्या आधी बॅगेचे आणि पाण्याच्या बाटलीचे नियम टीमच्या साइटवर बघून घ्या. आम्ही धपाटे, सुकी बटाट्याची भाजी आणि लसणाची चटणी नेतो, शेजारच्या रांगेतली मंडळी चौकशी करतात, मग धपाटा द्यावा लागतो आणि पुढच्या सहा इनिंग ओळख टिकते. आत घ्यायचंच असेल तर गार्लिक फ्राइज. २०१७ पासून इथे भाजलेले नाकतोडे पण मिळायला लागले, तिखट-लिंबू लावलेले, आणि एका मॅचला ३१२ च प्लेट अशी मर्यादा ठेवली, कारण एडगरची करिअर बॅटिंग ॲव्हरेज .३१२!

७. टेबल वाचायला शिका

रोज सकाळी दोन मिनिटं. "गेम्स बिहाइंड" म्हणजे विजयांमधला फरक अधिक पराभवांमधला फरक, भागिले दोन. पहिली टीम ८४-६१ आणि आपण ८०-६५ असू तर ४ अधिक ४ म्हणजे ८, निम्मे ४ गेम मागे. सप्टेंबरमध्ये मॅजिक नंबर बघायचा, म्हणजे पहिल्या टीमचे विजय आणि दुसरीचे पराभव मिळून अजून किती झाले की पहिला नंबर पक्का: १६३ मधून पहिल्या टीमचे विजय आणि दुसरीचे पराभव वजा करा. ८५ विजय आणि ७२ पराभव असतील तर ६ उरले, रोज तो आकडा फ्रिजवर खडूने लिहा, पोरांना पुसायला द्या. जूनच्या आधी मात्र टेबलकडे फार बघू नका, त्यात अजून काही अर्थ नसतो.

८. ऑगस्ट

हा अवघड महिना. खेळाडूही थकलेले, आपणही. जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला ट्रेडची (खेळाडूंच्या अदलाबदलीची) मुदत संपते, आवडता माणूस दुसऱ्या टीमला गेलेला असू शकतो, त्याचं वाईट वाटून घ्यायला दोन दिवस द्या. मी या महिन्यात मुद्दाम टॅकोमाला जाते, पन्नासेक किलोमीटरवर चेनी स्टेडियममध्ये मरिनर्सची ट्रिपल-ए टीम रेनिअर्स खेळते, तिकीट स्वस्त, खेळाडू अगदी हाताच्या अंतरावर, आणि तिथे बघितलेला पोरगा तीन आठवड्यांनी मोठ्या टीममध्ये बॅटिंगला आला की घरचंच कोणीतरी आल्यासारखं वाटतं.

९. ऑक्टोबर आला तर

अमेरिकन आणि नॅशनल अशा दोन्ही लीगमधून सहा-सहा टीम. पहिली फेरी तीन मॅचची, मग पाचची, मग सातच्या दोन. इथे सगळं उलटं होतं, सहा महिने शिकवलेला धीर इथे चालत नाही, प्रत्येक पिचला पोटात गोळा येतो. ऑफिसमध्ये आधीच सांगून ठेवा. मॅच लांबते: १५ ऑक्टोबर २०२२ ला ह्यूस्टनविरुद्ध १७ इनिंग ०-०, अठराव्यात आम्ही १-० ने हरलो, सहा तासांहून जास्त. १० ऑक्टोबर २०२५ ला डेट्रॉइटविरुद्ध १५ इनिंग, होर्हे पोलँकोची हिट आणि ३-२ ने आम्ही जिंकलो. पाणी प्या, काहीतरी खा, फोन चार्जिंगला लावून ठेवा, आणि हरलात तर त्या रात्री एकटे बसू नका, कोणालातरी फोन करा.

१०. भारतातून बघणाऱ्यांसाठी वेळ

सिॲटलची घरची रात्रीची मॅच बहुतेक ६:४० ला असते, म्हणजे भारतात दुसऱ्या दिवशी सकाळी ७:१०, बरोब्बर चहाच्या वेळी. साडेबारा तासांचा फरक सीझनभर तोच राहतो, कारण अमेरिकेतली घड्याळं सीझनच्या आधी मार्चमध्ये पुढे जातात आणि नोव्हेंबरमध्ये मागे येतात. रविवारची दुपारची मॅच मात्र भारतात मध्यरात्रीनंतर पडते, ती सोडा, सकाळी हायलाइट्स बघा.

वेळापत्रक बरंच आधी येतं. ते आलं की मी दोन रकाने करते, एक सिॲटलचा, एक नाशिकचा, प्रिंट काढून बाबांना कुरिअर करते, त्यांना फोनवर वाचायला आवडत नाही. ते तो कागद देवघराशेजारच्या कॅलेंडरला पिन लावून अडकवतात आणि फेब्रुवारीत पिचर-कॅचर ॲरिझोनाला सरावाला पोचले की पहिल्या मॅचभोवती लाल पेनाने गोल करतात.