मीठ ‘अंदाजानं’ म्हणजे किती? मापाच्या या चुका टाळा

लग्नानंतर सोलापुरात आले आणि पहिल्याच आठवड्यात सासूबाईंकडून शेंगाचटणी वहीत उतरवून घेतली. दोन वाट्या भाजलेले दाणे, दोन चमचे तिखट, लसणाचा एक गड्डा, थोडं जिरं, मीठ चमचा-दीड चमचा. चटणी तोंडात धरवेना, इतकी खारट. विचारलं तर म्हणाल्या, “हाताला कळतंय की गं, त्यात काय विचारायचं?”

माझ्या हाताला काही कळत नव्हतं. मग एक दिवस त्यांची वाटी काठोकाठ पाण्यानं भरून काट्यावर ठेवली. वाटीचं वजन वगळून 180 ग्रॅम भरलं, म्हणजे 180 मिली. माझी रुखवतातली वाटी 120 ची निघाली. दाणे माझ्या वाटीनं आणि मीठ त्यांच्या हिशोबानं, म्हणजे दीडपट मीठ पडलं होतं. कृती सांगणाऱ्याची वाटी कोणती, हे न विचारणं ही पहिली चूक. ते कळणार नसेल तर निदान सगळे जिन्नस एकाच वाटीनं मोजा, म्हणजे प्रमाण तरी सुटत नाही. चमच्याचंही तेच. पुस्तकातला टीस्पून 5 मिलीचा, टेबलस्पून 15 चा; आपला पोह्यांचा चमचा यातला कुठलाच नाही.

जुन्या वहीत चिपटं, मापटं, शेर सापडले तर त्यांना किलो समजू नका. धान्याची ती मापं भरून मोजायची: दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. शेरभर ज्वारी आणि शेरभर पीठ काट्यावर सारखं भरत नाही.

तिखटाचे ‘दोन चमचे’ तर निव्वळ फसवे. ब्याडगीचे दोन चमचे रंग देतात, लवंगीचे दोन चमचे घाम फोडतात. मिरची कुठली ते लिहिलं नसेल तर निम्मंच घाला. काळं तिखट किंवा कांदा-लसूण मसाला वापरत असाल तर आधी चिमूटभर जिभेवर ठेवून बघा, कारण बऱ्याच घरांत मसाला टिकावा म्हणून त्यातच मीठ कुटलेलं असतं. वरून पुन्हा कृतीतलं मीठ पडलं की आमटी गेलीच.

चटणी खारट झालीच तर आणखी दाणे भाजा आणि बिनमिठाचे कुटून त्यात मिसळा. साखर घालून खारटपणा जात नाही, चटणी नुसती विचित्र लागते. मिक्सर वापरत असाल तर थांबून थांबून फिरवा. सलग फिरवलात तर दाण्यांचा लगदा होतो. उखळात कुटताना मात्र तेल सुटून चटणी हाताला ओलसर लागली पाहिजे. ‘बारीक कुटा’ याचं खरं माप तेच.

जिथे अंदाज चालत नाही ती शेंगापोळी. संक्रांतीला, गड्ड्याच्या (म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या) यात्रेच्या दिवसांत, पाहुण्यांसमोर पोळी फुटून गूळ तव्यावर जळतो तो बहुतेक वेळा वाटीनं मोजलेल्या गुळामुळे. चिरलेला गूळ वाटीत सैल भरला की कमी बसतो, दाबून भरला की बराच जास्त. इथे काटाच काढा. मी 200 ग्रॅम दाण्याच्या कुटाला 150 ग्रॅम गूळ घेते. सारण सैल वाटलं तर कूट किंवा भाजलेल्या तिळाची पूड घाला, कोरडं पडलं तर कोमट दुधाचे चार थेंब.

भाकरीच्या बाबतीत उलट आहे. तिथे काट्याचा उपयोग नाही. ‘लागेल तसं पाणी’ म्हटलेलं असतं ते आळशीपणानं नव्हे. ताज्या दळणाचं आणि महिनाभर डब्यात राहिलेलं पीठ सारखं पाणी पीत नाही. कडांना चिरा पडायला लागल्या की लोक पाणी ओतत सुटतात. पीठ चिकट होतं आणि भाकरी परातीलाच बसते. पीठ विरी गेलेलं असतं, म्हणजे जुनं होऊन त्याचा चिकटपणा गेलेला असतो; पाणी कमी पडलेलं नसतं. अशा पिठात उकळतं आधण ओता, चमच्यानं कालवा, जरा निवलं की तळहातानं रगडून मळा. गोळा बोटानं दाबल्यावर कड फाटली नाही तर थापायला घ्या.

सासूबाईंची ती वाटी आता माझ्या मिठाच्या डब्याशेजारी असते. तळाला नेलपॉलिशनं 180 लिहिलंय. त्या हसल्या होत्या, पण नणंदेला फोनवर कृती सांगताना परवा म्हणाल्या, “तुझी वाटी केवढी आहे, ते आधी सांग.”