सुधाकर नेमका कुठे पडतो? शोकनायक वाचताना आणि उभा करताना या चुका टाळा

एका हौशी संघाच्या 'एकच प्याला'च्या तालमीला मी बसलो होतो. सुधाकर, म्हणजे नाटकाचा नायक, करणाऱ्या मुलाला विचारलं, "पहिल्या अंकाची काय तयारी केलीस?" तो म्हणाला, "पहिल्या अंकात काय सर, अजून दारू कुठे सुरू झालीय!" पठ्ठ्यानं तीन आठवडे झोकांड्या खाण्याचा सराव केला होता. झोकांड्या फर्मास जमल्या होत्या, पण नाटक काही उभं राहत नव्हतं. का राहत नव्हतं ते त्यानं स्वतःच सांगून टाकलं होतं.

'एकच प्याला'ला शंभर वर्षं उलटून गेली. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला गेले, वय अवघं तेहेतीस. पुढच्याच महिन्यात, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्याला पहिला प्रयोग केला. गणपतराव बोडस सुधाकर, बालगंधर्व त्याची बायको सिंधू, आणि पदं वि. सी. गुर्जरांची. म्हणजे ज्यानं सुधाकर लिहिला त्यानं तो रंगभूमीवर पाहिलाच नाही. तेव्हापासून हा माणूस कितीतरी नटांच्या आणि परीक्षार्थींच्या हातून गेला आहे, आणि बहुतेकांच्या हातून तो त्याच त्या ठिकाणी निसटतो.

दारूबंदीचं नाटक म्हणून वाचणं

ही सगळ्यांत मोठी चूक. तिच्यात थोडा दोष नाटकाच्या नावाचाही आहे. पाठ्यपुस्तकी उत्तर ठरलेलं असतं: एक हुशार वकील, त्याला दारूचं व्यसन लागलं, संसाराची धूळधाण झाली, तात्पर्य दारू वाईट. एवढंच असतं तर त्यासाठी पाच अंक कशाला हवे होते? भिंतीवरची एक पाटी पुरली असती.

पहिला प्याला ओठाला लागण्याआधी काय काय घडतं ते बघा. सुधाकर बुद्धीच्या जोरावर वर आलेला आहे आणि अतिशय मानी आहे. कोर्टात मुन्सफाशी, म्हणजे न्यायाधीशाशी, त्याचं वाजतं, जीभ आवरत नाही आणि वकिलीची सनद काही काळासाठी जाते. घरी येतो तो जळत येतो. डोकं शांत होत नाही, झोप नाही, लोक काय म्हणत असतील हा एकच विचार. तेवढ्यात दारूबाज तळीराम औषध सुचवतो, तेही एकच. सुधाकर प्याला उचलतो तो अपमान विसरायला. चवीचा, चैनीचा किंवा संगतीचा तिथे काही संबंध नाही.

शंका असेल तर एक साधी परीक्षा करा. नाटकातून दारू काढा आणि तिथे जुगार घाला. नाटक लंगडतं, पण चालतं. आता दारू तशीच ठेवा आणि मानीपणा काढा. मुन्सफ डाफरला, सुधाकर म्हणाला, "चुकलं साहेब," घरी आला, जेवला, झोपला. नाटक पहिल्याच अंकात संपलं. जी गोष्ट काढल्यावर नाटकच उरत नाही, नायकाचं मूळ त्या गोष्टीत असतं. ही परीक्षा कुठल्याही शोकनायकाला लावता येते. मी ती बऱ्याच जणांना लावली आहे आणि दर वेळी गाइडमधलं उत्तर चुकीचं निघालं आहे.

'दोष' एका शब्दात लिहून मोकळं होणं

सुधाकर: व्यसन. ऑथेल्लो: संशय. हॅम्लेट: दिरंगाई. असा तक्ता पाठ केला की पाच मार्कांची सोय होते, माणूस मात्र हातातून जातो. ॲरिस्टॉटलनं यासाठी जो ग्रीक शब्द वापरला, त्याचा मूळ अर्थ नेम चुकणं. धनुर्धाऱ्याचा बाण लक्ष्यावर लागला नाही, एवढंच. बाण तोच, हात तोच, ताकदही तीच. म्हणजे जे बळ नायकाला वर नेतं तेच चुकीच्या जागी लागलं की त्याला पाडतं. ग्रीक नाटकातल्या ईडिपसनं स्फिंक्स राक्षसिणीचं कोडं सोडवून थीब्ज वाचवलं ते ज्या चिकाटीनं, त्याच चिकाटीनं तो स्वतःच्या जन्माचं कोडं सोडवायला बसतो. थांब म्हणून सांगणारे भेटतात, पण थांबणाऱ्या माणसाला मुळात राज्यच मिळालं नसतं.

सुधाकराचंही तेच आहे. ज्या मानीपणानं त्याला गरिबीतून वकिलीपर्यंत आणलं तोच मुन्सफासमोर तोंड उघडतो. मानीपणा हा त्याचा दोष की गुण, याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही, आणि येत नाही म्हणूनच त्याच्यावर शंभर वर्षं लिहिलं जातंय.

हॅम्लेटच्या दिरंगाईबद्दल जाता जाता. हाच माणूस पडद्यामागे कोण आहे हे न बघता तलवार खुपसतो आणि बिचारा पोलोनियस मरतो. समुद्रात चाच्यांच्या जहाजावर पहिली उडी याचीच. तेव्हा कुठे गेली दिरंगाई? आगरकरांनी या नाटकाचं मराठी रूपांतर केलं तेव्हा नाव दिलं 'विकारविलसित'. आळस नाही, अनिर्णय नाही, विकारांचा खेळ. मला ते नाव कितीतरी टीकाग्रंथांपेक्षा जास्त सांगून जातं.

खलनायक शोधत बसणं

तळीराम हा हुकमी हशा घेणारा माणूस आहे आणि त्याचं आर्य मदिरा मंडळ म्हणजे गडकऱ्यांच्या विनोदाची दिवाळी. हौशी प्रयोगात दोनपैकी एक होतं. एक तर तळीराम प्रयोग खाऊन टाकतो, नाहीतर दिग्दर्शक त्याच्यावर लाल प्रकाश टाकून त्याला सैतान करतो. दुसरं जास्त घातक. तळीराम कटकारस्थान करत नाही. जे स्वतः पितो तेच तो दुसऱ्याला देतो, आणि त्यातच मरतो. त्याला खलनायक केलं की सुधाकर फसवला गेलेला भाबडा माणूस ठरतो, आणि भाबड्या माणसाची कीव येते, त्यापुढे काही होत नाही.

'नटसम्राट'चंही असंच होतं. मुलांना दुष्ट करून टाकलं की आप्पा बेलवलकर 'बिचारे म्हातारे' होतात. १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी पहिल्यांदा उभे केलेले आप्पा बिचारे नाहीत. सगळी मालमत्ता ते स्वतःच्या हातानं वाटून टाकतात, तेही राजाच्या दिमाखात, कारण आयुष्यभर त्यांनी रंगमंचावर राजे केले आहेत. देण्याचाही ते प्रयोग करतात. एकपात्री स्पर्धेत घर मागणारं स्वगत रडत म्हणणाऱ्यांनी आधी तो देण्याचा प्रवेश चार वेळा वाचावा. मागणाऱ्याच्या आवाजात देणाऱ्याची ऐट शिल्लक नसेल तर ते स्वगत कुठल्याही म्हाताऱ्याचं होतं.

उठण्याचा प्रवेश कापणं

नाटक स्पर्धेच्या वेळेत बसवायचं म्हटलं की कात्री लागते, आणि ती नेमकी चुकीच्या जागी लागते. विनोद राहतो, पदं राहतात, जात्यावर दळणारी सिंधू राहते. जातं ते काय, तर सुधाकर दारू सोडायचं ठरवतो आणि नोकरीसाठी दारोदार फिरतो तो भाग. तिथे ना टाळी, ना हशा.

पण सुधाकर शोकनायक होतो तो तिथेच. पहिल्यांदा तो पडला तो मान गिळता आला नाही म्हणून. आता तो मान गिळून लोकांच्या दारात उभा आहे, आणि पदरी पडते ती हेटाळणी. आधी ज्या गोष्टीबद्दल आपण मनातल्या मनात त्याला दोष देत होतो, ती त्यानं सुधारली, तरी दार उघडलं नाही. इथे प्रेक्षकाच्या तोंडचं 'पण यानं असं करायला हवं होतं' हे वाक्य अडकतं. मग तो पुन्हा प्याल्याकडे वळतो तेव्हा त्याला सांगण्यासारखं आपल्याजवळ काही उरलेलं नसतं. हा भाग कापलात तर उरतो एक दारुडा, पहिल्या अंकात थोडा आणि पाचव्यात फार. प्रयोग सपाट वाटतोय अशी तक्रार असेल तर आधी संहितेत हीच जागा तपासा.

त्याला माफ करून टाकणं

नायक आहे म्हणजे चांगला असलाच पाहिजे असं काही नाही. याच्या हातून पोटचं मूल मरतं, सिंधू जखमी होते, आणि फौजदारासमोर ती त्याला वाचवायला खोटं बोलते. आज हे बघताना अंगावर काटा येतो आणि यायलाच हवा. सिंधूला गडकऱ्यांनी फार सोशिक केलं आहे, असं माझं मत आहे. पातिव्रत्याची ती मूर्ती बघताना मी अस्वस्थ होतो. पण म्हणून सुधाकराच्या त्या कृत्यावर संगीताची शाल पांघरू नका. तो मोठा आहे आणि तो हे करतो, ही दोन्ही वाक्यं एकत्र सहन करता आली पाहिजेत.

पल्लेदार भाषेला घाबरणं

नव्या नटांची मोठी अडचण ही. गडकऱ्यांची वाक्यं श्वास पुरत नाही इतकी लांब. मग कुणी ती भरभर उरकतो, कुणी व्याख्यानासारखी झोडतो, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे कुणी ती जड जिभेनं, दारुड्याच्या आवाजात म्हणतो. एक शब्द कळत नाही.

मित्र रामलाल त्याला दारू सोडायला सांगतो तेव्हा सुधाकर दारूच्या अवस्था उलगडून दाखवतो, ती जागा घ्या. ही बडबड नाही. मुद्दा, उदाहरण, संभाव्य आक्षेप, त्याला उत्तर. हा युक्तिवाद आहे. सनद गेलेल्या वकिलाला आता कुठलंच कोर्ट उरलेलं नाही, म्हणून तो मित्रापुढे खटला चालवतोय, आरोपी स्वतः, आणि बाजू सरकारी वकिलाची. तो खटला तो जिंकतो हेच भयंकर आहे. आपण कुठे जाणार आहोत हे त्याला रामलालपेक्षा जास्त नीट कळतं, आणि कळून काहीही होत नाही. अज्ञानापोटी पडणारी पात्रं मराठी नाटकात ढिगानं सापडतील. इतकं लख्ख दिसत असताना पडणारा माणूस लिहायला गडकरीच लागतात.

तेव्हा त्या जागी आवाज थंड ठेवा. वाक्य स्वल्पविरामावर तोडू नका, मुद्दा संपेल तिथे तोडा, श्वास आपोआप पुरतो.

तालमीतल्या त्या मुलाला मी हेच सांगितलं. झोकांड्या आठवडाभर बंद, आणि रोज वकिलाचा काळा कोट घालून यायचं. त्यानं तोंड वाकडं केलं, पण आला. चौथ्या दिवशी पहिल्या प्याल्यापाशी थांबला आणि विचारलं, "उचलताना हात थरथरू दे का सर?"

"नको. कोर्टात कागद उचलतोस तसा उचल."