स्तोत्रं वाचायची कशी? आधी गाऱ्हाणं, मग भरवसा

बायबलातली स्तोत्रसंहिता पहिल्यापासून ओळीनं वाचायला घेऊ नका. एकूण १५० स्तोत्रं आहेत, पाच भागांत बांधलेली, आणि ती गोष्टीसारखी पुढे सरकत नाहीत. नव्या वर्षाच्या उपासनेत संकल्प करून सुरू केलेलं वाचन जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उठेपर्यंतही टिकत नाही, हे मी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दरवर्षी बघते.

मी सोलापुरात नर्स होते आणि नोकरीतली बरीच वर्षं रात्रपाळीत गेली. आता निवृत्त आहे. मंडळीतल्या बायका, त्यांच्या सुना, कधी एखादा जावईसुद्धा विचारतो, "सिस्टर, स्तोत्रांतून देव कसा आहे ते कळतं म्हणता, पण वाचायचं कसं ओ?" त्यांना जे सांगते तेच इथं लिहिते.

सुरुवात १३ व्या स्तोत्रापासून करा. सहाच वचनं आहेत, चहा गाळून होईपर्यंत वाचून होतात. पहिल्या दोन वचनांत "कोठवर?" असं चार वेळा विचारलंय. देवा, कोठवर मला विसरणार, कोठवर तोंड फिरवणार, मी कोठवर मनातल्या मनात झुरत बसू, शत्रूनं माझ्यावर कोठवर मात करायची? मग तिसऱ्या आणि चौथ्या वचनांत मागणी: माझ्याकडे बघ, उत्तर दे, नाहीतर मी मरतो आणि ते हसतात. आणि पाचव्यात एकदम, "मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे."

इथं थांबायचं. चौथ्या आणि पाचव्या वचनाच्या मध्ये काय घडलं? काहीच नाही. शत्रू होता तिथंच आहे, उत्तर आलेलं नाही, स्तोत्रकाराला बरं वाटायला लागलं असंही कुठं लिहिलेलं नाही. त्यानं सगळं ओकून टाकलं आणि मग ज्याच्यापुढे ओकलं त्याचा स्वभाव त्याला आठवला, एवढंच. म्हणून मी लोकांना दिलाशाची वचनं आधी देत नाही. गाऱ्हाणं घालायला शिकल्याशिवाय स्तोत्रांतला भरवसा कळत नाही, असं माझं मत आहे. खरं तर मराठी माणसाला हे जड जायला नको. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. जनाबाई, तुकोबा विठ्ठलाशी कसे भांडतात ते आपण लहानपणापासून ऐकतो. पण आम्ही ख्रिस्ती माणसं प्रार्थनेला उभी राहिलो की "हे दयाळू स्वर्गीय पित्या" पासून जी वर चढतो ती खाली उतरतच नाही. पोराची फी भरायची आहे, सासू बोलत नाही, गाठ दाखवायला जायची भीती वाटते, यातलं काही तोंडातून निघत नाही.

आता वहीचं सांगते. शंभर पानी साधी वही घ्या आणि पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे स्तोत्रकार स्वतःबद्दल काय म्हणतो ते लिहायचं. उजवीकडे देव काय करतो, ते. महान, पवित्र, सर्वसमर्थ अशी विशेषणं उजवीकडे चालणार नाहीत, फक्त क्रियापदं. विशेषणं आपल्याला पाठ असतात, ती लिहिताना डोकं चालत नाही.

१०३ वं घ्या. तिसऱ्यापासून पाचव्या वचनापर्यंत उजवा रकाना भरतो: क्षमा करतो, बरं करतो, गर्तेतून सोडवतो, दयेचा मुकुट घालतो, उत्तम पदार्थांनी तृप्त करतो. पुढं १४ व्या वचनात एक क्रियापद आहे त्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही: आठवतो. आपण माती आहोत हे तो आठवतो. आपण विसरतो, देव विसरत नाही, आणि ते आठवून तो रागावत नाही, कळवळतो. १४६ व्यात सातव्यापासून नवव्या वचनापर्यंत पाहा: जुलूम झालेल्यांचा न्याय करतो, भुकेल्यांना अन्न देतो, बंदिवानांना मोकळं करतो, आंधळ्यांचे डोळे उघडतो, वाकलेल्यांना उभं करतो, परक्यांना, अनाथांना, विधवांना सांभाळतो. त्याच स्तोत्रात वर, तिसऱ्या वचनात, अधिपतींवर भरवसा ठेवू नका असं बजावलेलं आहे. निवडणुकीच्या दिवसांत आमच्या गटात हे वचन वाचलं की कुणीतरी हमखास खोकतं.

माझं सगळ्यात आवडतं १४७. तिसऱ्या वचनात तो भग्नहृदयी माणसांना बरं करतो, त्यांच्या जखमांना पट्ट्या बांधतो. चौथ्यात ताऱ्यांची गणती करतो, प्रत्येकाला नावानं हाक मारतो. ही दोन वचनं वहीत एकाखाली एक लिहा. वॉर्डात मोठे डॉक्टर राउंडला येतात, फाईल बघतात, दोन शब्द बोलतात, पुढच्या खाटेकडे जातात. चिकटलेली जुनी पट्टी सलाईननं भिजवून हळूहळू सोडवायची, जखम आतून बाहेर पुसायची, पेशंट विव्हळला की थांबायचं, नवी पट्टी फार घट्ट नाही आणि फार सैल नाही अशी बांधायची, हे काम सिस्टरचं. स्तोत्रकार म्हणतो, तारे मोजतो तोच पट्टीही बांधतो. हाताखालच्या कुणाला पाठवत नाही. देवाच्या स्वभावाबद्दल मी ऐकलेली कित्येक प्रवचनं या दोन ओळींपुढे फिकी आहेत.

वही थोडी भरली की एक गोष्ट दिसेल. "दयाळू, कृपाळू, मंदक्रोध" हे शब्द पुन्हा पुन्हा येतात: ८६ व्याच्या १५ व्या वचनात, १०३ व्याच्या आठव्यात, १४५ व्याच्या आठव्यात. हे स्तोत्रकारांच्या पदरचं नाही. बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या ३४ व्या अध्यायाचं सहावं वचन उघडा. देवानं मोशेपुढून जाताना स्वतःची ओळख अशी करून दिली. आणि कधी? दोनच अध्याय आधी लोकांनी सोन्याचं वासरू करून त्याच्यापुढे नाच केला होता. राग यायला पुरेपूर कारण असतानाच तो स्वतःला मंदक्रोध म्हणवतो. अपराध्याला तो सोडत नाही हेही तिथंच, पुढच्या वचनात आहे, ते गाळून वाचू नका. पण क्रम बघा, दया आधी. योना संदेष्ट्यानं तर हेच शब्द तक्रार म्हणून वापरले: तू असा दयाळू आहेस हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी पळालो! निनवे या शत्रूच्या शहरावर दया झालेली त्याला नको होती. स्वतःवर दया सगळ्यांनाच हवी असते, शेजाऱ्यावर झाली की पोटात दुखतं.

आता भरवशाबद्दल. एकदा मे महिन्यात वॉर्ड गच्च भरला होता, पारा चाळिशीच्या खूप वर, रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या. एका पेशंटची बायको पंख्याखाली पदरानं वारा घालत बसलेली. पहाटे तीनच्या सुमाराला मला म्हणाली, "सिस्टर, देव झोपलाय का ओ?" तिला वाटलं मी रागावेन. पण हे वाक्य शास्त्रातच, म्हणजे बायबलातच, आहे. ४४ व्या स्तोत्राच्या २३ व्या वचनात ते रचणारे कोरहाचे पुत्र हेच म्हणतात: प्रभू, जागा हो, का झोपलास? आणि १२१ व्याच्या चौथ्यात लिहिलंय की इस्राएलाचा रक्षक झोपत नाही, डुलकीही घेत नाही. दोन्ही एकाच पुस्तकात. कुणी खोडून एकच ठेवलेलं नाही. मी तिला दोन्ही वाचून दाखवली, आधी ४४ मधलं, मग १२१. १२१ मध्ये दिवसा ऊन बाधणार नाही असंही आहे. सोलापूरच्या मे महिन्यात ते वाचताना माणूस मान वर करून ऐकतो.

म्हणून रात्री जागणाऱ्यांनी हा क्रम ठेवावा: मनात जो प्रश्न आहे तो आधी, मोठ्यानं, स्तोत्राच्या शब्दांत, उत्तराचं स्तोत्र त्यानंतर. १३० वं पण रात्रीचं आहे. पहारेकरी पहाटेची वाट बघतात त्याहून जास्त माझा जीव प्रभूची वाट बघतो, असं त्यात दोनदा म्हटलंय. पहाटेची वाट बघणं म्हणजे काय ते ज्यांनी रात्रपाळी केलीय, मग ती वॉर्डात असो की कापडाच्या मागावर, त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

भीती वाटते म्हणजे माझा विश्वास कमी, असं वाटणाऱ्यांनी ५६ वं वाचावं. पलिष्ट्यांनी गथ येथे दाविदाला धरलं तेव्हाचं म्हणून त्याच्यावर मथळा आहे. तिसऱ्या वचनात तो सरळ सांगतो की मला भीती वाटते तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवतो. भीती गेल्यावर, असं नाही. आठव्यात देव आपली आसवं बुधलीत भरून ठेवतो असं आहे. ऑपरेशनला नेताना ट्रॉलीवर म्हणायला तिसरं वचन पुरतं, लांब प्रार्थना तेव्हा आठवत नाही.

९१ व्याबद्दल मात्र कडक बोलते. पुष्कळ घरांत ते दारावर फ्रेम करून लावलेलं असतं, आणि काहीजण ते औषधाच्या जागी वापरतात. इन्शुलिन बंद, टीबीच्या गोळ्या बंद, "देवदूत सांभाळतील". त्याच स्तोत्राची ११ वी आणि १२ वी वचनं मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात कोण म्हणतंय ते बघा. सैतान. येशूला मंदिराच्या शिखरावरून उडी मार म्हणताना. येशूनं उडी मारली नाही. देवाची परीक्षा पाहू नको, म्हणाला. गोळी वेळेवर घ्या आणि ९१ वं वाचा. या दोन्हीत भांडण नाही.

२३ वं तुम्हाला पाठ असेल, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे". पाठ असलेलं स्तोत्र वाचणं फार अवघड. त्यासाठी सांगोल्याच्या बाजूला जाताना धनगरांचा वाडा दिसला तर गाडी थांबवा. काठी कशासाठी आहे, रात्री वाघुरीत, जाळीच्या कुंपणात, मेंढरं कशी कोंडतात, लंगडं कोकरू कुणाच्या खांद्यावर आहे, ते बघा. मग घरी येऊन चौथं वचन वाचा. पहिल्या तीन वचनांत स्तोत्रकार देवाबद्दल बोलतोय: तो मला नेतो, तो माझा जीव ताजातवाना करतो. मृत्युच्छायेच्या दरीत शिरल्याबरोबर तो देवाशी बोलायला लागतो: तू माझ्याबरोबर आहेस. हिरव्या कुरणात "तो", अंधारात "तू".

७३ वं आमच्या घरचं आहे. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि देणी अडकली ती अडकलीच; ज्यांनी पैसे खाल्ले त्यांचे बंगले उठले. वडिलांच्या शास्त्रात ७३ व्या स्तोत्राच्या १३ व्या वचनाखाली पेन्सिलीची जाड रेघ आहे: मी आपलं मन उगाचच शुद्ध राखलं. स्तोत्रकार आसाफाला सतराव्या वचनात मंदिरात गेल्यावर उलगडा होतो, तिथं रेघ नाही. २६ व्याखाली आहे, पण पातळ: माझा देह आणि हृदय खचलं तरी देव माझा वाटा आहे. सतराव्यावर पोहोचायची घाई वडिलांनी केली नाही, तुम्हीही करू नका. स्वतःला जिथं रेघ मारावीशी वाटते तिथं मारा, तारीख घाला, पुढच्या वेळी ती रेघ कुठं सरकते ते बघा.

काही स्तोत्रं शेवटपर्यंत निवळत नाहीत. ८८ वं अंधारातच संपतं. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसापाशी ते वाचा आणि त्यामागे गोड वचन जोडू नका. पहिल्याच ओळीत "माझ्या उद्धाराच्या देवा" अशी हाक आहे. स्तोत्रकार हेमानानं हाक मारणं सोडलेलं नाही, तेवढं त्या खोलीत पुरतं. येशूनंही वधस्तंभावर २२ व्याची पहिली ओळच म्हटली, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. १३७ व्याचा शेवट किंवा १०९ वं, जिथं सूडाची भाषा आहे, ते नवख्यांनी मागं ठेवलं तरी चालेल. वाचाल तेव्हा एवढं बघा की तो माणूस हातात कोयता घेत नाही, आपला संताप देवाच्या हाती देतो.

एकट्यानं वाचून कंटाळा आला तर १३६ वं घ्या आणि घरातल्या सगळ्यांना बसवा. २६ वचनं, आणि प्रत्येकाच्या शेवटी "त्याची दया सनातन आहे". एकानं पहिला भाग म्हणायचा, बाकीच्यांनी ध्रुपद उचलायचं. आमच्या गटात तेलुगू बोलणाऱ्या बायका आहेत, एकदोघी कानडी. ध्रुपद ज्या त्या आपल्या भाषेत म्हणतात आणि गोंधळ होत नाही. टाळ असतील तर घ्या. रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं टाळ-मृदंगावर म्हणणाऱ्या मंडळीला हे शिकवावं लागत नाही. ज्यांना वाचता येत नाही अशा म्हाताऱ्या बायका इथं सगळ्यात पुढं असतात, कारण दुसऱ्याच वचनाला त्यांचं पाठ झालेलं असतं.

दिवसाला एकच स्तोत्र, ते पूर्ण, आणि ओठ हलवून. मोबाईलवर रोज सकाळी फुलांच्या चित्रावर येणारं सुटं वचन धरू नका, ते कुठून तोडलंय ते शोधून आख्खं स्तोत्र वाचा. ११९ वं १७६ वचनांचं आहे, ते आठ-आठ वचनांचे २२ तुकडे करून बावीस दिवस घ्या; मुळातच ते तसं रचलेलं आहे. १३, १०३, १४६, १४७, ५६, ७३, २३ एवढी झाली की १२० ते १३४ ही आरोहणस्तोत्रं घ्या. ती छोटी आहेत, यरुशलेमेला चालत जाणाऱ्यांची आहेत, आणि बसस्टॉपवर उभ्याउभ्या होतात.